जानेवारीत येतेय, पण आधी हे वाचा

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगणार होते. पण व्हिडिओ कॉलवर मला आईचं कपाळ आणि वरचा पंखा दिसतो, बाबा मागून "जेवलीस का?" विचारून पुन्हा पेपरात डोकं घालतात, आणि तेवढ्यात दारात दूधवाला नाहीतर इस्त्रीवाला येतो. म्हणून पत्र. ताईला सांगितलंय की मोठ्या अक्षरात छापून आणून दे. (ताई, तू आधी वाचणार हे मला माहीत आहे. बाबांचं वाचून होईपर्यंत तोंड उघडू नकोस.)

सरळ सांगते. मी जर्मनीचं नागरिकत्व घेतलं. घेणार आहे असं नाही, घेतलं. प्रमाणपत्र हातात आलं.

बाबा, कागद बाजूला ठेवून गॅलरीत जाऊ नका, पुढचं वाचा. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण तुम्ही "तुझं तू बघ" म्हणाला असतात, आईनं "तुला बरं वाटेल ते कर" म्हटलं असतं, आणि मग माझ्याच्यानं अर्जावर सही झाली नसती.

तुमचा पहिला प्रश्न मला इथूनच ऐकू येतोय: कायमचा परवाना मिळाला होता ना, मग हे कशाला? बाबा, तो 'कायमचा' म्हणजे आपल्या कचेरीतल्या 'तात्पुरत्या' नेमणुकीच्या उलटं प्रकरण आहे. तिथे तात्पुरता माणूस रिटायर होईपर्यंत हलत नसे, आणि इथे कायमचा परवाना माणूस सहा महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिला की आपोआप संपतो. आधी अर्ज करून मुदत वाढवून मागता येते, पण द्यायची की नाही ते कचेरी ठरवते. सगळी उमेदवारी करून पुन्हा पहिल्यापासून व्हिसाच्या रांगेत उभं राहायची माझी तयारी नाही. आणि मला ठाण्याला सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचंय. हेच खरं कारण आहे, बाकीची सगळी त्याच्या मागून आली.

बाबांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळचं मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. "सुट्टी मिळत नाही" म्हणाले होते. सुट्टी मिळाली होती. पण माझ्या तेव्हाच्या राहण्याच्या परवान्याच्या कार्डाची मुदत संपली होती आणि नूतनीकरणाचा अर्ज वेळेत जाऊनही भेटीची तारीख मिळत नव्हती. अशा वेळी एक तात्पुरता कागद देतात, तोवर जुना परवाना चालू धरायचा असतो. तोही आला नव्हता. हातात होतं फक्त 'तुमची मेल मिळाली' असं आपोआप येणारं उत्तर. त्यावर विमानात बसले असते, तर परत येताना कोणी आत घेतलं नसतं. इकडे घराचं भाडं, नोकरी, सगळं अडकलेलं. ताई एकटी ऐरोली ते नौपाडा अशा फेऱ्या मारत होती, हॉस्पिटलात रात्री खुर्चीवर झोपत होती, आणि मी इथे दर तासाला ती वेबसाइट उघडून 'सध्या भेटीची वेळ उपलब्ध नाही' हे वाचत होते. मी पोचले तेव्हा बाबा तलावपाळीला हळूहळू फेरी मारायलाही लागले होते. तुम्ही दोघं "आलीस ना, झालं" म्हणालात. माझं मात्र ते झालं नाही.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, बाहेर फार हाल काढतेस. तसंही नाही. इथल्या कचेऱ्यांचा मला राग येतो, पण थोडी मजाही वाटते, कारण सगळं तुमच्याच खात्यातलं वाटतं. घर बदललं की दोन आठवड्यांत नोंद करायची, त्याला घरमालकाचा सहीचा कागद लागतो. पहिल्याच फॉर्मवर धर्म विचारलेला बघून आई किती घाबरली होती! आई, तो चर्चच्या करासाठी असतो गं, त्यांच्या सभासदांच्या आयकरावर 8 नाहीतर 9 टक्के लागतो, आपल्याकडून कोणी मागत नाही. शिक्षण झालं की नोकरी शोधायला 18 महिन्यांचा वेगळा परवाना, नोकरी लागली की वेगळा, तोही सुरुवातीला त्याच कंपनीपुरता. मला इकडे येईपर्यंत वाटायचं की कागदाचं एवढं प्रेम फक्त ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत आहे.

नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी समोर एक बाई होत्या, आईच्याच वयाच्या. मी बाबांच्या शिकवणीप्रमाणे कागद अनुक्रमांक घालून, टॅग लावून नेले होते. त्यांनी तो टॅग सोडवला, नीट गुंडाळून मला परत दिला, आणि जिथे टाचणी दिसली तिथून एकेक उपटून एका वाटीत टाकली. मग माझ्या जन्मदाखल्यावर बोट ठेवलं. पालिकेच्या दाखल्यात बाबांच्या नावाला 'राव' लागलाय, माझ्या पासपोर्टात नाही. हे दोन वेगळे गृहस्थ आहेत का? मला हसू आवरेना, त्यांना अजिबात येत नव्हतं. तुमची सेवानिवृत्तीची प्रत, ताईचा दाखला, असं करत करत ते मिटलं. तुम्हाला पालिकेच्या नागरी सुविधा केंद्रात दाखल्याच्या नव्या प्रतीसाठी पाठवलं होतं ना, "बँकेला हवाय" असं सांगून, तो यासाठी. आणि मी खरं सांगते, त्या खिडकीवरच्या मुलानं तुम्हाला खुर्ची दिली नाही हे ऐकून मला इथल्या सगळ्या त्रासापेक्षा जास्त वाईट वाटलं. तुमच्या टेबलासमोर म्हातारं माणूस कधी उभं राहिलेलं मी पाहिलं नाही. शाळा सुटल्यावर मी तुमच्या मागच्या बाकावर बसून आवक-जावकच्या जुन्या वहीत रेघोट्या मारायचे आणि कोणी मुरबाडहून, शहापूरहून आलेलं असलं की तुम्ही "उद्या या" म्हणायच्या ऐवजी शिपायाला बोलावून नस्ती काढायला लावायचात. इथे रांगेत बसल्या बसल्या मला फार वेळा वाटलंय की पलीकडे असा एखादा अव्वल कारकून असायला हवा होता.

परीक्षाही दिली. 33 प्रश्न, 17 बरोबर आले की पास. भाषेची वेगळी. तुम्ही खात्याच्या परीक्षेला गच्चीत येरझाऱ्या घालत पाठ करायचात, तशी मी इथे ट्राममध्ये पुटपुटत होते. अर्जाची फी 255 युरो, ती माझ्या पगारातून गेली, काळजी नको.

आता कायद्याचं, म्हणजे बाबांचं. जर्मनीनं 27 जून 2024 पासून नियम बदलला: पाच वर्षांच्या रहिवासावर नागरिकत्व मिळतं आणि जुनं सोडायची अट गेली. हे लोक म्हणतात, दोन्ही ठेवा. नाही म्हणतो तो आपला कायदा. घटनेचं कलम 9 तुम्हाला माहीत आहे आणि 1955 च्या नागरिकत्व कायद्यातही तेच आहे: स्वतःहून दुसरं घेतलं की आपलं गेलं. म्हणजे मी काही फेकून दिलेलं नाही, ते आपोआप गेलं. हे वाक्य मी स्वतःला बऱ्याच वेळा म्हणून बघितलंय. म्हणताना ठीक वाटतं.

निळा पासपोर्ट वकिलातीत जमा करायचा, ते रद्दचा शिक्का मारून परत देतात. वागळे इस्टेटला अर्ज करायला तुम्ही हाफ डे टाकून माझ्याबरोबर आला होतात आणि नंतर चौकशीला आलेल्या हवालदाराला आईनं पोहे खायला लावले होते, त्या पासपोर्टानंतरचा हा. तो घेऊन येईन, तुमच्या गोदरेजच्या कपाटातच राहू दे. मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना आपलं सरकार देतं ते. ते आजन्म चालतं, कितीही वेळा यावं, कितीही राहावं. आई, तू विचारशील म्हणून सांगते: नाही, पोलीस चौकशीला येणार नाहीत, ओसीआयवाल्यांना कितीही दिवस राहिलं तरी परदेशी म्हणून नोंद करावी लागत नाही. मंगळसूत्र तेच, आडनाव तेच, देव्हारा तोच आणि शुक्रवारी फुटाणेसुद्धा तेच, भारतीय दुकानात मिळतात. पोळ्या रोज होतात. घर गरम असतं. रात्री उशिरा एकटी आले तरी काही वाटत नाही. थंडीत टोपी घालते. हो, कानावरून.

बाबा, मुरबाडच्या सातबाऱ्याचंही बघून ठेवलंय. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही घेता येत नाही, तेव्हा बक्षीसपत्राचा विचार मनात असेल तर तो सोडा. वारसानं येते ती चालते, आणि त्याची कोणालाही घाई नाही, हे तुम्ही दोघांनी लक्षात ठेवा. तुमचे जावई भारतीयच राहणार आहेत. त्यांना कधीतरी गुहागरकडे कलमं लावायची आहेत. लावू देत, पण परदेशात राहतात तोवर त्यांनाही शेतजमीन विकत घेता येत नाही, परत आल्यावर बघू.

एक गोष्ट मात्र मला गोड करून सांगता येत नाही. मतदान. ते आता नाही. यादीतलं नाव वगळायला 7 नंबरचा फॉर्म असतो, हे तुमच्या इतकं कोणाला माहीत असणार? निवडणुकीच्या आदल्या दिवशी पेट्या घेऊन निघायचात, दुसऱ्या रात्री दीड-दोनला यायचात आणि आई तुमच्यासाठी पिठलं गरम करायची. माझं पहिलं मत होतं तेव्हा तुमची ड्युटी भिवंडीला होती, तरी तिथून फोन करून विचारलंत, "शाई लागली का?" तो फॉर्म मी भरीन. तुम्ही भरू नका. घरात मतदान चिठ्ठ्या येतील तेव्हा दोनच येतील. आईनं माझी कुठे गेली म्हणून विचारलं, तर तिला हे पत्र दाखवा.

आता जानेवारीचं. मला आठ महिन्यांची बिनपगारी रजा मंजूर झालीय. नवा पासपोर्ट, मग जुना जमा केल्याचा दाखला, मग ओसीआय, एकामागे एक जाणार, म्हणून गणपतीला नाही, दिवाळीलाही नाही. आई, चकल्या कर, पण तुमच्या दोघांपुरत्या. मी आले की पुन्हा करू.

बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार, सामान हलवायचं, भाड्याच्या घरात जायचं, हे ताईनं एकटीनं करायचं नाही असं आम्ही दोघींनी ठरवलंय. तोपर्यंत बाबा, एक काम: पर्यायी जागेचा करार नोंदवून हातात आल्याशिवाय चावी कोणालाही द्यायची नाही. सेक्रेटरी कितीही गोड बोलू देत. "सगळ्यांनी दिली" म्हटलं तरी नाही. लोकांना आयुष्यभर हेच सांगितलंत, स्वतःच्या वेळी भिडेला बळी पडाल म्हणून लिहितेय. भाड्याचं घर लिफ्टचं हवं आणि घंटाळीच्या आसपासच हवं, म्हणजे देवळात चालत जाता येईल. घोडबंदरला स्वस्त मिळतंय, मला माहीत आहे. नको. आईचे गुडघे आणि तिच्या मैत्रिणी दोन्ही नौपाड्यात आहेत.

रक्त पातळ करायची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही. दातवाल्यानं सांगितलं तरी आधी ताईला फोन. मामलेदारची मिसळ महिन्यातून एकदा, तीही मध्यम, आणि तर्री मागायची नाही. जुने मित्र भेटले म्हणून दुसरी प्लेट हा नियम रद्द. आईनं स्टुलावर चढून माळा साफ करायचा नाही, मी आले की तो रिकामाच करायचाय. नोव्हेंबरात हयातीचा दाखला ताई घरी येऊन फोनवरून करून देईल. बँकेत रांगेत उभं राहिल्याशिवाय तुम्हाला तो खरा वाटत नाही हे मला माहीत आहे, तरी या वर्षी ऐका.

रागावला असाल तर रविवारी फोनवर रागवा. पण आईकडून निरोप नको, तुम्ही स्वतः बोला, आणि फोन जरा तोंडासमोर धरा.

तुमची,
मनू

ता. क. आई, शेजारच्या काकूंना ओसीआय समजावत बसू नकोस. "जानेवारीत येतेय, आठ महिने आहे" एवढंच सांग. आणि माझ्या खोलीतली कडधान्यांची पिंपं आतापासून हलवू नकोस, वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलंय ना.