मिठाचं पाणी आणि फ्रिजमधलं औषध

नौपाडा, ठाणे

प्रिय वैशाली,

सईचा स्वेट टेस्टचा, म्हणजे घामातलं मीठ मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट वाचला. ‘छातीतला कफ सुटायला सईला स्वस्तातलं मिठाचं पाणी द्यायचं की फ्रिजमधलं महाग औषध?’ या तुझ्या प्रश्नाचं उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींत मावेना, म्हणून पत्रच लिहायला बसले.

भाऊजींचं म्हणणं, पैशाकडे बघू नका, जे महाग तेच द्या. अगं, पण ही दोन औषधं एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारी नाहीत. सीएफमध्ये, म्हणजे सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात, पेशींतून मीठ-पाणी नीट बाहेर येत नाही, म्हणून कफ सुकून श्वासनळ्यांना चिकटतो. ७ टक्क्यांचं सलाइन, म्हणजे तेच मिठाचं पाणी, नेब्युलायझरमधून (औषधाचे बारीक तुषार करणाऱ्या यंत्रातून) घेतलं की ते नळ्यांच्या आतल्या थरात पाणी ओढून आणतं आणि कफ सुटतो. ऑस्ट्रेलियात समुद्रात सर्फिंग करणाऱ्या सीएफच्या रुग्णांची छाती बरी असल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं, तिथून हे पुढे गेलं. २००६ साली तिथलाच मोठा अभ्यास छापून आला: मीठपाणी घेणाऱ्यांचं छातीचं दुखणं कमी वेळा उसळलं. तेव्हा स्वस्त आहे म्हणून नाक मुरडायचं कारण नाही.

फ्रिजमधलं ते डॉर्नेज अल्फा. जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा डीएनए कफात उरतो, कफाला तार येते ती त्याची. हे एन्झाइम ती तार तोडतं. दिवसातून एकदा, २.५ मिलिग्रॅम. अमेरिकेत १९९३ पासून वापरात आहे. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये मुलांवरच दोन्हींची तुलना झाली, तेव्हा सरासरीत डॉर्नेज बरंच पुढे होतं, पण मुलागणिक फरक होता. म्हणजे सईला काय मानवतं हे सईच्या छातीवरूनच ठरणार. आमच्याकडे दोन्ही चालू आहेत.

खरी गंमत क्रमात आहे. आधी श्वासनळ्या मोकळ्या करणारा सालब्युटामॉलचा पंप, कारण मीठपाण्याने छाती आवळू शकते. म्हणूनच पहिला डोस दवाखान्यात, डॉक्टरांसमोर. मग सलाइन, आणि लगेच फिजिओथेरपी. सुटलेला कफ खोकून बाहेर आलाच नाही तर सगळं पाण्यात! इनहेल करायचं अँटिबायोटिक असेल तर ते शेवटी, मोकळ्या झालेल्या नळ्यांत. डॉर्नेज कधी द्यायचं ते डॉक्टरांना विचारून घे, पण नेब्युलायझरच्या कपात ते दुसऱ्या कुठल्याही औषधात मिसळू नकोस. ते २ ते ८ अंशांतच ठेवायचं, उजेडापासून लांब. दिवसभर लाइट जाणार असेल तर आम्ही ते बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यात ठेवतो. औषध बर्फाला टेकता कामा नये, गोठलं की गेलं.

नेब्युलायझरचा कप प्रत्येक वेळी धुवायचा, उकळायचा, पूर्ण सुकवायचा. कंटाळा येतो, पण ओल्या कपात जंतू वाढतात आणि ते थेट तिच्या छातीत. सासूबाईंना हे काम दे, त्या चोख करतील!

आणि उन्हाळ्यात तिच्या घामातून मीठ भरपूर जातं, तेव्हा ताकात मीठ किती वाढवायचं तेही विचार.

पहिल्या डोसची तारीख कळव. पनवेल लोकल पकडून नेरुळला येते, भाऊजींना ऑफिसला जाऊ दे.

तुझी,
मेघना