सांदण दरी, एक पावती आणि ‘पुढील आदेश’ : मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

खात्याचं नाव मुद्दामच लिहिलेलं नाही. जंगलवाले पर्यटनाकडे बोट दाखवतात, पर्यटनवाले जंगलाकडे, आणि रस्ता तर तिसऱ्याचाच. ज्यांच्या टेबलावर हे पत्र पडेल त्यांनी ते आपलंच समजावं.

मी नाशिकची, निवृत्त भूगोल शिक्षिका, वय 67. एकतीस वर्षं फळ्यावर सह्याद्रीचा छेद काढला. लाव्ह्याचे थर, बेसॉल्ट, भेगेत शिरून ती रुंदावणारं पाणी. ती भेग एकदा डोळ्यांनी बघावी म्हणून अकोले तालुक्यातल्या साम्रदची सांदण दरी गाठायची होती. पावसाळ्यात तिथे जायचं नसतं, घळीत एकदम लोंढा उतरतो, हे मला कळतं. म्हणून जानेवारी धरला. गुडघ्याला पट्टा घेतला, आतल्या डोहांसाठी जुने बूट काढले, जावयाने रजा टाकली. माहितीच्या नंबरावर नऊ वेळा फोन केला. नवव्यांदा उचलला. “चालू आहे, या.”

पहाटे चारला निघालो. घोटी, बारी, शेंडी. शेंडीच्या पुढे एका खड्ड्यात गाडीचं चेंबर फुटलं, तीन तास तिथेच. मग नाक्यावर पावती फाडली : माणशी वेगळे, गाडीचे वेगळे, कॅमेऱ्याचे वेगळे. कॅमेरा नाही म्हटलं तर “मोबाइल आहे ना?”

आणि घळीच्या तोंडाशी आडवा दोर, त्याला लटकवलेला पुठ्ठा : ‘पुढील आदेशापर्यंत बंद’. मागचा आदेश कुणी काढला, कशासाठी, कुणालाच पत्ता नाही. पैसे परत मागितले. “एकदा फाडली की फाडली, मावशी.”

दोराच्या अलीकडून जेवढं दिसलं तेवढं पाहिलं. दोन्हीकडे काळे कडे, वर आभाळाची एक चिंधी, तळाला म्हशीएवढे धोंडे. आतून गार वारा येत होता. पाऊण तास बसले तिथे. (जाहिरातीत हिला ‘आशियातली दुसरी सर्वांत खोल दरी’ म्हणतात. सांदण काही शे फूट खोल. नेपाळातली काली गंडकी किलोमीटरमध्ये मोजतात. निदान खोटं तरी अभ्यास करून बोला!)

स्वच्छतागृह होतं. त्याला कुलूपही होतं. किल्ली ज्याच्याकडे, तो राजूरला बाजाराला गेलेला. या वयात बाईमाणसाने काय करायचं, हे तुमच्या एखाद्या बैठकीत कधी निघालंय का?

जिथे पिठलं-भाकरी खाल्ली त्या ताई म्हणाल्या, आठ दिवस झाले, रोज पन्नासेक माणसं अशीच परत जातात. माणशी शंभर धरले तरी चाळीस हजार झाले. हिशेब अंदाजाचा आहे, मी गणिताची बाई नव्हे. पण न दाखवलेल्या दरीचे चाळीस हजार कुठे गेले? त्यांच्या मुलाची वाटाड्याची मजुरी बुडाली ती निराळीच. भंडारदऱ्याचं धरण 1926 पासून शेजारी उभं आहे आणि ही बाई उन्हाळ्यात झऱ्यावर रात्री हंडा लावते. 1986 ला अभयारण्य झालं, तेव्हापासून सरपणाला काय आणायचं, काय नाही, हेही विचारूनच. मतदानाचं यंत्र मात्र इथवर वेळेत पोचतं. त्याचं चेंबर कसं फुटत नाही?

मागण्या फार नाहीत. दरी बंद असेल तर पैसे घेण्याआधी सांगा. का बंद, कधीपर्यंत, ते सही-शिक्क्यानिशी लावा. फोनवर खरं बोला. किल्ली कुलपाजवळ ठेवा. चेंबरचे सहा हजार आठशे मी मागत नाही, जावई मागतोय.

पावतीची झेरॉक्स जोडली आहे. तिच्यावर तारीख नाही. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मात्र आहे, मार्चमधली. उत्तर फेब्रुवारीत आलं तर बरं.

आपली,
‘मावशी’