किनाऱ्यावरच्या सायकलवाटा

महोदय,

पावसाळा सरला की कोल्हापुरातून गगनबावडामार्गे सायकलीने कोकणात उतरणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. गगनबावड्यापर्यंतचे सुमारे ५५ किलोमीटर सरावाचे असतात, मात्र करूळ घाटाच्या वळणांवर समोरून ट्रक आला की सायकल थेट कठड्यालगतच्या खडीत उतरवावी लागते. गेल्या हिवाळ्यात तिथेच माझा टायर फाटला.

त्यापुढचा देवगड, कुणकेश्वर, मिठबाव, आचरा, मालवण हा किनाऱ्याकाठचा रस्ता मात्र सायकलीसाठीच केल्यासारखा आहे. एका बाजूला समुद्र, मधूनच खाडी, आणि खाडीच्या कडेला चिखलातून टाचणीसारखी वर आलेली तिवरांची श्वसनमुळे, जी मोटारीतून जाणाऱ्याला सहसा दिसतच नाहीत. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि तांबळडेगसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. ही अंडी उबायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. अशा वाळूत जाड टायरच्या सायकली घालून छायाचित्रे काढण्याची हौस, आमच्यापैकीच काहींची, मला पटत नाही.

संबंधित यंत्रणांनी घाटातील कडा दुरुस्त कराव्यात, किनारी रस्त्यावर सायकलस्वारांसाठी दिशादर्शक फलक लावावेत आणि वाळूकडे उतरणाऱ्या वाटा विणीच्या हंगामात सायकलींसह सर्वच वाहनांना बंद ठेवाव्यात, ही विनंती.

– एक सायकलस्वार वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर