शिंगरू झालं रे!

प्रिय बाळ्या,

तब्येत ठीक, शुगर गोळीवर, कंबर तीच जुनी. ते सोड. घोडी व्याली! मादी शिंगरू, कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी रंग, कपाळावर पांढरी टिकली. संध्याकाळी सडांवर मेणासारखे थेंब दिसले तेव्हाच डॉक्टर म्हणाले आज-उद्या होणार, आणि आम्ही चहाला आत गेलो तेवढ्यात मोकळी झाली. तासाभरात पिल्लू उभं, लगेच दूध प्यायला लागलं, वारही वेळेत पडली तेव्हा जीवात जीव आला.

तू अजून म्हणणार, भीमथडीच घ्यायला हवी होती. अरे तिची देशातली आठवी घोड्याची जात म्हणून नोंद झाली तेव्हा मलाही तुझ्याइतकाच आनंद झाला, पण ती पन्नास-बावन्न इंच उंचीची, आणि घोड्यावर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं टाकू नये. त्या हिशोबात मी बसत नाही, तू तर अजिबातच नाहीस! मला रवाल चाल हवी होती. दुडकीत कंबर मोडते, रवालीत एका बाजूचे दोन्ही पाय जोडीनं पडतात आणि माणूस पाटावर बसल्यासारखा जातो. म्हणून तर वळूही रवाल चालीचाच शोधला. पोरगी आईमागं तशीच पावलं टाकते असं मला वाटतं, तू येऊन बघ.

पण झोप लागत नाही रे. तिच्यावर खोगीर चढायला तीन वर्षं, हाडं नीट भरायला पाच. मी तेव्हा सत्तरीला टेकलेला असणार. घोडं पंचवीस-तीस वर्षं जगतं, पुढं तिचं कोण बघणार? चिरंजीव म्हणतात दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात नेऊन विकू, तोवर सहा महिन्यांची होऊन दूधही तुटेल. त्याचं चुकत नाही, भरडा, कडबा, नालबंद, सगळ्याला पैसा लागतो. पण इतकी शांत पोर विकली की वरातीतच जाणार, डीजे, फटाके, काटेरी लगाम लावून नाचवणं. माझ्या दावणीला जन्मलेलं जनावर मी तिथं पाठवणार नाही. घोडीला परत गाभण करायचं नाही हेही ठरवलंय, डॉक्टर म्हणत होते आठ-दहा दिवसांत पुन्हा माजावर येईल, मी नाही म्हटलं.

तर सरळ विचारतो, तुझी नात हिला घेईल का? आता नाही, माझ्यानंतर. तोवर सुट्टीत येऊन हाताळू दे, खरारा करू दे, एकमेकींची सवय होईल. तिच्या आईबापाला विचारूनच सांग, भिडेखातर हो म्हणू नकोस.

वहिनींचं मोतीबिंदूचं नीट झालं ना? फ्लॅटचा ताबा मिळाला का? नानाला पण कळव, मी फोन केला तर उचलत नाही.

दिवाळीच्या आत उत्तर दे, नंतर बाजाराची घाई सुरू होते.

तुझाच,
अण्णा