दारू सोडवायची तर आधी डॉक्टर, मग केंद्र

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘न कळत दारू सोडवा’, ‘सात दिवसांत खात्रीशीर व्यसनमुक्ती’, ‘गाडी पाठवून रुग्ण घेऊन जाऊ’. बसस्टँडच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर आणि वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींतही या ओळी रोज दिसतात. येळ्ळूर, खानापूर, निपाणीकडच्या घरांतून त्रासलेली बायको किंवा आई यांतलाच एखादा नंबर फिरवते, कारण दुसरा कुठला नंबर तिला कोणी सांगितलेलाच नसतो. उपचाराची सुरुवातच चुकीच्या दारातून होते. योग्य क्रम वाचकांपर्यंत पोहोचावा, म्हणून हे पत्र.

दारू अचानक बंद करणे जिवावर बेतू शकते, हे अजूनही घराघरांत ठाऊक नाही. व्हिस्की-रमच्या १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. रोज एक-दोन क्वार्टर, तेही वर्षानुवर्षे, घेणाऱ्याचा मेंदू त्या गुंगीला सरावतो. दारू एकाएकी थांबली की तोच मेंदू उसळतो. पहिल्या सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास सुरू होतात. भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसे हाका मारतात, माणूस घरच्यांना ओळखत नाही, अंग तापते. एकादशीला माळ घातली आणि तिसऱ्या रात्री तो बडबडू लागला, की घरचे म्हणतात ‘बाहेरचं झालंय’ आणि देवऋष्याकडे नेतात. ही बाधा नव्हे. दारू तुटल्याने होणारा हा आजार आहे, त्यावर रुग्णालयात चांगले उपचार आहेत आणि उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो. अशा वेळी १०८ ला फोन करून थेट सिव्हिल गाठावे.

माळेला आमचा विरोध नाही. माळ घालून कायमचे सुटलेले लोक प्रत्येक गावात आहेत आणि त्या निश्चयाचे मोल मोठे आहे. फक्त माळ घालण्याच्या आधी डॉक्टरांना भेटावे, एवढेच सांगणे आहे.

दारू तुटल्यावरचा हा त्रास सांभाळायला साधारण पाच ते दहा दिवस लागतात. डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड देतात, लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम, आणि मात्रा रोज थोडी थोडी उतरवत बंद करतात. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, लागतेच. इथे एक चूक वारंवार होते. अशक्तपणा आला म्हणून गावातच ग्लुकोजचे सलाईन लावले जाते. पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन आधीच कमी असते, त्यात नुसते ग्लुकोज गेले की उरलेसुरले संपते. डोळे फिरणे, तोल जाणे, गोंधळणे आणि पुढे स्मरणशक्ती कायमची जाणे, इथपर्यंत मामला जाऊ शकतो. म्हणून सलाईन लावणाऱ्या डॉक्टरांना ‘हे रोज पितात, आधी थायमिन द्या’ असे सांगायला लाजू नका. दुसरी चूक गोळ्यांची. पूर्ण पाकीट रुग्णाच्या हाती दिले आणि त्याने वरून दारू घेतली, तर श्वास मंदावतो. गोळ्या घरच्या एका माणसाने ताब्यात ठेवाव्यात आणि मोजून द्याव्यात.

सगळ्यांनाच भरती व्हावे लागत नाही. पूर्वी कधी फीट आली असेल किंवा भास झाले असतील, कावीळ असेल, उलटीतून रक्त पडले असेल, जीव देण्याची भाषा होत असेल, वय साठीच्या पुढे असेल किंवा घरात लक्ष द्यायला कोणी नसेल, तर घरी प्रयोग करू नये. बाकीच्यांची दारू रोजच्या ओपीडीवरही सोडवता येते.

हे डॉक्टर कुठे भेटतात? बेळगावच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे बिम्समध्ये, मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. ‘मानसोपचार’ या पाटीला लोक बिचकतात, पण व्यसनाचा विभाग शोधताना तिथेच जायचे असते. तालुका रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे मनोविकारतज्ज्ञ ठरावीक वारी येतात. कर्नाटकात हा उपक्रम ‘मनोचैतन्य’ नावाने चालतो आणि वार बहुधा मंगळवार असतो. गावच्या आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी वार विचारा, फेरी वाया जाणार नाही. गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी धारवाडचे डिमहान्स हे सरकारी मनोरुग्णालय आहे, बेळगावपासून साधारण ७५ किलोमीटर. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूर (निपाणीपासून साधारण ४० किलोमीटर) किंवा मिरज सोयीचे पडते, आणि त्यात गैर काही नाही. सीमा नकाशावर आहे, आजारात नाही.

फोनवर सल्ला हवा असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सेवा चोवीस तास आणि मोफत आहे, भाषांत मराठी आहे. १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन. तिथे ‘जवळचे सरकारमान्य किंवा अनुदानित केंद्र कोणते’ असे थेट विचारता येते. फोन लावण्याआधी एका कागदावर लिहून ठेवा: काय पितो, रोज किती, किती वर्षे, शेवटची कधी घेतली, पूर्वी फीट आली का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. एवढे हाताशी असले की समोरचा माणूस नेमके सांगू शकतो.

आता ‘न कळत’वाल्यांबद्दल. चहात किंवा आमटीत मिसळायला जी पूड-थेंब विकले जातात, त्यांत काय असते हे पाकिटावर धड लिहिलेले नसते. अनेकदा घरचे औषधाच्या दुकानातून डायसल्फिराम आणून तेच करतात. हे औषध पोटात असताना दारू गेली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय अशक्त असेल तर मृत्यूही ओढवतो. शेवटच्या घोटानंतर किमान २४ तास गेल्याशिवाय ते सुरू करत नाहीत आणि गोळी बंद केल्यावरही त्याचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. ज्याला हे ठाऊकच नाही, तो माणूस बारमध्ये जाऊन पिणारच. डायसल्फिराम वाईट औषध नाही. स्वतःच्या मर्जीने, बायकोच्या समोर रोज सकाळी गोळी घेणाऱ्याला त्याचा चांगला आधार होतो. ते चोरून देणे वाईट. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही औषधेही आहेत. लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या पाहून डॉक्टर त्यांतले निवडतात.

निवासी केंद्र निवडायचे तर दारातून आत जाण्याआधी काही गोष्टी बघाव्यात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही येतात, म्हणून अशा रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवा म्हणावे. ‘ट्रस्टची नोंदणी आहे’ हे उत्तर पुरत नाही, ती वेगळी. मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री फीट आली तर कोणत्या रुग्णालयात नेता, नर्स रात्री असते का, घरच्यांना कधी भेटता येते, हे विचारावे. महिन्याच्या फीमध्ये औषधे आणि रक्ततपासण्या धरल्या आहेत का, हे लेखी घ्यावे, कारण वाद इथेच होतो. स्वयंपाकघर आणि संडास स्वतः बघावेत. बघू देत नसतील तर तिथूनच परत फिरावे.

गाडी पाठवून उचलून नेणे ही भरती नव्हे. रुग्णाच्या मर्जीविरुद्ध दाखल करायचे तर त्याच कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णय घेणाऱ्या, बहुधा घरच्याच माणसाचा, अर्ज लागतो. मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरे एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर अशा दोघांनी, मागच्या सात दिवसांत, स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते. या कलमाखाली जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येते आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावे लागते. साखळीने बांधणे, सक्तीने डोके भादरणे याला कायद्याने बंदी आहे. मारहाणीने दारू सुटत नाही. माणूस घरी परततो तो घरच्यांवरचा राग घेऊन, आणि पहिल्याच आठवड्यात पुन्हा पितो.

सीमाभागातल्या कुटुंबांना यात आणखी एक अडचण येते, ती भाषेची. फॉर्म कन्नड किंवा इंग्रजीत असतो, बाई अंगठा किंवा सही करून मोकळी होते आणि कशावर सही केली हे तिला महिनाभर कळत नाही. त्याहून मोठे नुकसान समुपदेशनात होते. औषधाची गोळी कुठल्याही भाषेत उतरते, पण ‘मला का प्यावेसे वाटते’ हे माणूस आपल्या बोलीतच सांगू शकतो. मोडक्यातोडक्या भाषेत तो फक्त ‘हो सर, सोडतो’ म्हणतो. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे आजार, उपचार, दुष्परिणाम आणि आपले हक्क यांची माहिती रुग्णाला व त्याच्या प्रतिनिधीला समजेल अशा भाषेत मिळायला हवी. हा हक्क आहे, भांडण नाही, आणि शांतपणे मागितला तर बहुतेक ठिकाणी मराठी जाणणारी नर्स किंवा कर्मचारी मदतीला येतो. केंद्र निवडतानाच ‘समुपदेशक मराठीत बसतात का, गटसभा कोणत्या भाषेत होते’ हे विचारा. मराठीसाठी काही जण थेट पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात जातात. १९८६ पासूनची ती संस्था नावाजलेली आहे आणि महिलांसाठी तिथे ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे. मात्र निघण्याआधीच बेळगावातला पाठपुराव्याचा डॉक्टर ठरवून ठेवावा, नाहीतर पुण्यात कमावलेले इथे दोन महिन्यांत जाते.

पैशांचे थोडक्यात. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा, आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेतून काय मिळेल ते सरकारी रुग्णालयात आधी विचारा. महाराष्ट्राची महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला, पण व्यसनाची भरती त्यात बसते का, हे आरोग्यमित्राकडून (योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाकडून) पक्के केल्याशिवाय तिच्या भरवशावर निघू नये. उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला असलेल्यांनी ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचे, कार्ड वापरावे. उपचार मिळतातच, शिवाय पात्र कामगाराला आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते. खासगी विम्यातही मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच धर्तीवर संरक्षण द्यावे, असे मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो.

गांजा, वेदनाशामक गोळ्या आणि खोकल्याच्या औषधांची नशा तरुण पोरांत दिसते. आईबाप पोलिसांच्या भीतीने गप्प बसतात. नशा केल्याचा किंवा अल्प प्रमाणात अमली पदार्थ बाळगल्याचा गुन्हा असेल आणि पोरगा आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या कलम ६४ अ मध्ये खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण जाऊ शकते. अफूच्या जातीच्या गोळ्या काही आठवडे थांबवल्यावर पुन्हा जुन्या मात्रेत घेणे जीवघेणे असते, कारण शरीराची सवय मोडलेली असते. केंद्रातून घरी आल्यानंतरचे दिवस म्हणूनच धोक्याचे.

दारूचेही तेच. पहिले तीन महिने सांभाळायचे असतात. पगाराचा दिवस, बाजाराचा दिवस, गावची जत्रा, लग्नाची वरात, चोर्ल्याच्या घाटाने गोव्याला निघालेली मित्रांची गाडी, हे सगळे प्रसंग आधीच वहीत लिहून काढावेत आणि त्या दिवशी सोबत कोण असेल ते ठरवावे. पगार काही महिने घरच्यांच्या खात्यावर घ्यावा. ओपीडीची तारीख चुकवू नये. दारू सोडलेल्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना फी नसते आणि घरच्यांसाठी अल-अनॉनच्या सभा असतात. पुन्हा प्यायला तर शिव्या न देता दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. मधुमेहाची साखर वाढली म्हणून आपण कोणाला घराबाहेर काढत नाही.

आपल्याला एक विनंती. नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक नसलेल्या व्यसनमुक्तीच्या जाहिराती आपण स्वीकारू नयेत. आणि आठवड्यातून एकदा, आतल्या पानावर का होईना, १४४१६, १४४४६ हे दोन नंबर आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इथल्या मानसोपचार ओपीडीचे वार मराठीत छापावेत. वार बदलतात, म्हणून दर महिन्याला रुग्णालयाकडून ते तपासून घ्यावेत.

आपले,
व्यसनी रुग्णांच्या कुटुंबांसोबत काम करणारे काही कार्यकर्ते
बेळगाव–खानापूर–निपाणी