काळी वायर

लॅन्सिंग, मिशिगन
१८ मे

प्रिय दिन्या,

सव्वा वर्षानं लिहितोय. शिव्या आधी देऊन घे, मग पुढे वाच. फोन करता आला असता, पण फोनवर तू मध्येच बोलतोस, आणि हे सांगताना मला मध्ये कुणी नकोय. तब्येत बरी. साखर होती तिथंच आहे, गुडघा बोलतो, मी ऐकत नाही.

ती गाडी घेतली हे तुला कळलंच असेल, शिरप्याच्या पोटात काही राहत नाही. १९७५ सालची विनेबागो, डॉजच्या चॅसीवरची. एसटीच्या लाल डब्यात कुणी संसार थाटावा तशी. चूल, फ्रीज, पलंग, संडास, सगळं आत. इंजिन ७.२ लिटरचं, आणि लिटरला जेमतेम तीन किलोमीटर. हिला म्हटलं, हॉटेलचे पैसे वाचतील बघ. ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं तुला माहीत आहे.

तर बॅटरी उतरायला लागली. या गाडीत बॅटऱ्या दोन, एक इंजिनाची आणि एक घराची. घराची पाच दिवसांत अर्धी व्हायची. सगळे दिवे बंद, फ्रीज बंद, मीटर सिरीजमध्ये लावला तर ०.४ अँपिअर. दिवसाला साडेनऊ अँपिअर-तास कुठं जातात? बापू उस्तादांच्या पद्धतीनं एकेक फ्यूज काढत गेलो. शेवटचा काढला तरी मीटर ०.४ वरच. म्हणजे कुणीतरी थेट बॅटरीवर आकडा टाकलेला, लेका! अमेरिकेत!

बॅटरीच्या प्लसवरून एक काळी वायर निघालेली. चार दिवस मी तिला अर्थिंगची समजत होतो. हसू नकोस, इथल्या रंगांनी माझं डोकं फिरलंय. घरातल्या १२० व्होल्टला काळी म्हणजे फेज, पांढरी न्यूट्रल. मोटारीत काळी म्हटलं की बहुतेक बॉडी अर्थ. आणि या गाडीच्या घरातल्या १२ व्होल्टला परत काळी प्लस, पांढरी मायनस. त्यात माझ्या हाताला अजून बापूंचंच वळण: लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. एका गाडीत चार कायदे. शेवटी पाटीच लावली, ‘आधी टेस्ट लॅम्प, मग अक्कल’. हिनं त्याचा फोटो काढून पोरांना पाठवला.

वायर बॅटरीवरून सोडवली, तिला टोनर लावला (तो वायरीत सूर सोडतो आणि भिंतीवरून कांडी फिरवली की ऐकू येतो), आणि तीन रविवार भिंतीला कान लावून फिरलो. काळी वायर फ्रीजमागे तपकिरी झाली. छताच्या कडेला पिवळी. प्रत्येक मालकानं हाताला लागेल तो तुकडा जोडलेला. कुठं निळ्या चिमट्यांचे जोड, कुठं नुसता पीळ आणि टेप. एके ठिकाणी तर बँडेजची पट्टी, दवाखान्यातली. नकाशा काढायला लागलो तर वही संपली. तुझं अक्षर असतं तर निदान नंतर वाचता आलं असतं. माझं मलाच लागेना.

सूर पलंगाखालच्या एका प्लायवुडपाशी येऊन थांबला. प्लायवुड खिळ्यांनी बंद. वायर परत बॅटरीला जोडली, प्लायवुड उचकटलं, तर आत एक खण, आणि खणात पाच वॉटचा बल्ब जळतोय. खणाला पूर्वी दार असणार, दाराला बटण. कुणीतरी दार काढून प्लाय ठोकलं आणि दिवा आत राहिला. बारा व्होल्टला पाच वॉट म्हणजे बरोबर ०.४. बॅटरीच सदा उतरलेली, म्हणून बल्ब इतकी वर्षं टिकला.

आता ऐक. त्या खणातल्या जोडावरची जुनी टेप सोलली. खाली वेष्टन युनियन! दोन्ही बाजूंना पाच-पाच घट्ट फेरे, वर सोल्डर, बोट फिरवलं तर टोचत नाही. बापूंनी शंभरदा उलगडायला लावून करवून घेतला होता तोच. ते ‘वेष्टन’ म्हणायचे आणि आपण वहीत तसंच लिहायचो, कारण वायरीला वायरीचं वेष्टनच तर होतं ना. वेस्टर्न युनियन ही इथली जुनी तार कंपनी, हे मला इथं येऊन कळलं. ज्या म्हातारीकडून गाडी घेतली तिला विचारलं. म्हणाली, नवरा टेलिफोनच्या खांबांवर चढायचा.

मी तिथंच बसून राहिलो. ही जेवायला हाक मारत होती.

एवढा सुंदर जोड करणारा माणूस, आणि बॅटरीपासून बल्बापर्यंत एक फ्यूज नाही रे. वायर कुठं घासून बॉडीला लागली असती तर गाडी माणसांसकट पेटली असती.

दिन्या, १९८३ च्या गणपतीत फ्यूजच्या किटकॅटमध्ये सात-वीसची (वीस गेजच्या सात पदरांची) तार मी घातली होती. शिरप्यानं नाही, तू तर नाहीच. फ्यूज सारखा उडत होता, आरती तोंडावर आलेली, सात पदरांतला एक सोलून घातला. तो पदर सत्तर अँपिअरशिवाय वितळत नाही. बोर्डच जळाला. बापूंनी तुला सगळ्यांसमोर मारलं तेव्हा मी खांबाशी माळा गुंडाळत होतो. सहा महिने तू माझ्याशी बोलला नाहीस, ते मी कबूल करेन याची वाट बघत, की ती दुसरीच भानगड होती उसन्या सायकलची? हे मला कधी विचारता आलं नाही. सायकल मी परत केली होती, हे मात्र आजही सांगतो.

बॅटरीपासून वीतभर अंतरावर पाच अँपिअरचा फ्यूज टाकलाय. बल्बाला बटण बसवलं. बाकीचे सगळे जोड कापून नवीन वायर ओढली, तो एक तसाच ठेवलाय. गाडीतल्या हादऱ्यांना सोल्डरचा जोड चांगला नाही, कडेला वायर तुटते, हे तू म्हणशीलच. मला ठाऊक आहे.

दुकान भाड्यानं दिलंस म्हणे, बरं केलंस. वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? नातवाचा फोटो पाहिला, नाक तुझं आलंय, इलाज नाही. जूनअखेर आम्ही लेक सुपीरिअरकडे निघतोय. ही पलंगावर झोपायला अजून तयार नाही.

उत्तर लिही. शिव्या असल्या तरी चालतील, पण पत्रानंच. फोन करू नकोस.

तुझा,
रम्या