‘क्रेडिट मिळेल का?’ एवढे विचारून भागत नाही

संपादक महोदय,

अमेरिकेत दोन वर्षे कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचे, कमी शुल्काचे स्थानिक कॉलेज) आणि उरलेली दोन विद्यापीठात, हा मार्ग खर्चाच्या दृष्टीने शहाणपणाचा आहे. विज्ञानात मात्र विद्यापीठातल्या त्या दोनाची अनेकदा तीन वर्षे होतात आणि दोष मुलांच्या कुवतीला दिला जातो. हे अन्यायाचे आहे. चूक बहुधा पहिल्याच सत्राच्या विषयनिवडीत असते.

‘इंग्रजी, इतिहास आधी उरकून घे, अवघड विषय नंतर’ हा सल्ला विज्ञानाच्या विद्यार्थ्याला महागात पडतो. जनरल केमिस्ट्रीची दोन सत्रे झाल्याशिवाय ऑरगॅनिक केमिस्ट्री नाही, ऑरगॅनिकशिवाय बायोकेमिस्ट्री नाही. कॅल्क्युलसआधी प्रीकॅल्क्युलस करावे लागले तर आणखी एक सत्र जाते. ही साखळी दुसऱ्या वर्षी सुरू केली, तर विद्यापीठात बदली घेताना हाती ६० क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक) असूनही तिसऱ्या वर्षाच्या बहुतेक मुख्य विषयांना प्रवेशच मिळत नाही. गणित आणि केमिस्ट्री पहिल्याच सत्रात हवीत.

फिजिक्सचे तर दोन प्रकार आहेत, बीजगणितावर आधारलेले आणि कॅल्क्युलसवर आधारलेले. इंजिनिअरिंगला दुसरेच लागते. पहिले केलेल्याचे क्रेडिट विद्यापीठ सहसा नाकारत नाही. ते ‘इलेक्टिव्ह’ (ऐच्छिक विषय) म्हणून जमा होते आणि फिजिक्स पुन्हा करावे लागते! म्हणून ‘हा विषय माझ्या मेजरमधल्या (मुख्य शाखेतल्या) कोणत्या विषयाच्या जागी धरला जाईल?’ असे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. कॅलिफोर्नियातील सार्वजनिक विद्यापीठांसाठी असा तक्ता ‘असिस्ट’ या अधिकृत संकेतस्थळावर मिळतो.

ऑरगॅनिकची दोन्ही सत्रे एकाच ठिकाणी करावीत. धड्यांचा क्रम जागोजागी वेगळा असतो. मध्येच कॉलेज बदलले की एखादा भाग दोनदा येतो आणि स्पेक्ट्रोस्कोपीसारखा (रेणूची रचना ओळखण्याच्या पद्धती) एखादा निसटतो.

विद्यापीठांनीही क्रेडिटचा निर्णय विषयनोंदणीपूर्वी कळवायला हवा. विद्यापीठातल्या पहिल्या सत्रात प्रयोगशाळेचे दोनच विषय पुरेत. पूर्णवेळ विद्यार्थी ठरायला १२ क्रेडिटच लागतात, त्यामुळे जास्त भार घ्यायची गरज नाही. क्वार्टर पद्धतीत (छोट्या सत्रांच्या) शिकवणे जेमतेम दहा आठवडे चालते, पहिली चाचणी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच येते. नव्या मुलांना हे आधी सांगा.

नॅशनल सायन्स फाउंडेशन या संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेच्या उन्हाळी संशोधन योजनेचे बरेच अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत भरायचे असतात. ऑगस्टमध्ये विद्यापीठात आलेल्या मुलाला तोवर नीट ओळखणारा प्राध्यापक क्वचितच मिळतो. शिफारसपत्रासाठी कम्युनिटी कॉलेजच्या शिक्षकांशी निघण्यापूर्वीच बोलून ठेवावे.

– विज्ञान शाखेच्या समुपदेशक, कॅलिफोर्निया